हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड: नावाच्या इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फोर्ट भागातून रोज लाखो माणसे या रस्त्यावरून जातात. त्यांतल्या बहुतेकांना रस्त्याच्या नावातली ‘डी. एन.’ ही दोन अक्षरे ठाऊक असतात, माणूस ठाऊक नसतो. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. काही उत्तरे दोन ओळींत संपतात. हॉर्नबी आणि दादाभाई यांच्याविषयीची उत्तरे मात्र लांबली आहेत, कारण या नावाची खरी गोष्ट त्या दोघांची आहे.

हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

उत्तरेला क्रॉफर्ड मार्केटपासून दक्षिणेला फ्लोरा फाउंटनपर्यंत, म्हणजे आजच्या अधिकृत नावांनी महात्मा ज्योतिबा फुले मंडई ते हुतात्मा चौक. वाटेत पोलीस आयुक्तालय, जे. जे. कलाशाळेचा परिसर, अंजुमन-ए-इस्लामची शाळा, टाइम्स ऑफ इंडियाची इमारत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिकेचे मुख्यालय लागते. तिथून पुढे फाउंटनपर्यंत दोन्ही बाजूंना कमानींखालून जाणारे पदपथ आहेत. पत्त्यात पूर्ण नाव लिहायचे तर ‘डॉ. दादाभाई नौरोजी रोड, फोर्ट, मुंबई ४००००१’.

जुने नाव काय होते?

हॉर्नबी रोड. जुन्या मराठी लेखनात ‘हार्नबी रोड’ असेही सापडते. १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या विल्यम हॉर्नबीवरून हे नाव पडले होते.

हा हॉर्नबी कोण? मराठी वाचकाने त्याची दखल का घ्यावी?

मुंबईचा इतिहास वाचताना हॉर्नबी भेटतो तो समुद्राला बांध घालणारा गव्हर्नर म्हणून. मराठ्यांच्या इतिहासात त्याचा चेहरा वेगळा दिसतो, आणि या दोन्ही गोष्टी सहसा एकत्र सांगितल्या जात नाहीत.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात जी फूट पडली, तिचा फायदा घेणारे मुंबई सरकार हॉर्नबीचे होते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी ताब्यात आणली. मार्च १७७५ मध्ये सुरतेला राघोबादादांशी तह केला आणि त्यांना पेशवाईच्या गादीवर बसवण्याचे वचन दिले. इथून पहिले इंग्रज-मराठे युद्ध सुरू झाले.

१७७८ च्या अखेरीस मुंबईहून फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. मावळात मराठ्यांनी तिला हैराण केले, रसद तोडली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्याने मराठेही इतके प्रभावित झाले की त्याचे नावच ‘इष्टुर फाकडा’ झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांनी या फौजेला कोंडले आणि इंग्रजांना तहावर सही करावी लागली. वडगाव मावळला आजही विजयस्तंभ आहे. तो तह हॉर्नबीच्या मुंबई सरकारने मानला नाही, कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जनेही मानला नाही. युद्ध पुढे चालू राहिले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली.

आजच्या मुंबईचे उपनगर ज्या बेटावर पसरले आहे ते साष्टी इंग्रजांच्या हातात जाण्याची सुरुवात हॉर्नबीच्या कारकिर्दीत झाली. म्हणून मला वाटते, ‘बांध घालणारा गव्हर्नर’ एवढीच ओळख देऊन त्याला सोडणे अपुरे आहे.

आणि तो बांध?

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरायचे आणि बेटाचा मधला सखल भाग बुडवायचे. ती खिंड बंद करणारा बांध म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. तो हॉर्नबीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास पुरा झाला असे मानतात. त्या बांधावरच्या रस्त्याचे आजचे नाव लाला लजपतराय मार्ग. हाजीअलीकडून वरळीकडे जाताना आपण त्याच बांधावरून जातो.

‘लंडनहून आलेले मनाईचे पत्र हॉर्नबीने खिशात ठेवले’ ही गोष्ट खरी का?

आख्यायिका म्हणून ऐकावी. कंपनीच्या संचालकांना हा खर्च पसंत नव्हता, एवढा गाभा खरा. पत्र खिशात ठेवून बांध पुरा करणारा गव्हर्नर ही त्यावर चढलेली रंगत आहे.

याच बांधाची दुसरी कथा मराठी घरांत जास्त सांगितली जाते. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टांत दिला, वरळीच्या खाडीत मूर्ती सापडल्या, मग बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. तीही आख्यायिकाच. पण या कथेत बांध बांधणारे हात दिसतात, म्हणून मला ती जवळची वाटते. गव्हर्नरच्या नावाची पाटी लागते तेव्हा दगड वाहणाऱ्यांची नावे कुठेच राहत नाहीत. निदान या कथेत एक मराठी नाव राहिले.

हॉर्नबीच्या काळात हा रस्ता असाच होता का?

नाही. त्याच्या काळात मुंबई किल्ल्याच्या तटबंदीत होती. तट, खंदक, बुरूज, आणि आत यायला तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. आजचा दादाभाई नौरोजी रोड किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या तटाच्या आतल्या अंगाने जातो. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तट पाडले गेले. कापसाच्या व्यापाराने शहरात पैसा आला होता आणि माणसे आत मावत नव्हती. तट गेल्यावर जागा मोकळी झाली आणि या पट्ट्याला रुंद, सरळ रस्त्याचे रूप आले.

चर्चगेट स्टेशनचे नाव ज्या दरवाजावरून पडले तो दरवाजा फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. म्हणजे या रस्त्याच्या दक्षिण टोकाला. दरवाजा पडून दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी पश्चिम रेल्वेचा प्रवासी रोज त्याचे नाव घेतो.

कमानींखालचे पदपथ कधीचे?

रस्त्यावरच्या बहुतेक भव्य इमारती १८८५ ते १९१९ या काळातल्या. १८९६ मध्ये नियम झाला की तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालून वाट ठेवायची. नियम एकच, पण प्रत्येक मालकाने आणि वास्तुरचनाकाराने कमान आपल्या पद्धतीने बांधली. कुठे गॉथिक, कुठे निओ-क्लासिकल, कुठे भारतीय घडण. पावसाळ्यात छत्री न उघडता बरेच अंतर चालता येते ते या नियमामुळे. आज त्या वाटेचा मोठा भाग घड्याळे, बॅगा आणि मोबाइलची कव्हरे विकणाऱ्यांनी व्यापलेला असतो. त्यांची रोजीरोटी महत्त्वाची आहेच, पण मान वर करून कमानी पाहायला जागा उरत नाही याचे वाईट वाटते.

या ओळीत थांबून पाहावे असे पुष्कळ आहे. जे. एन. पेटिट ग्रंथालयाची १८९८ ची इमारत. १८८१ मध्ये बांधलेली वाच्छा अग्यारी, जिच्या दारावर प्राचीन इराणी धाटणीचे पंख असलेले, माणसाच्या मुखाचे बैल आहेत. आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांचे फोर्ट हाऊस. ते घर पुढे इव्हान्स फ्रेझर हे दुकान झाले, मग हँडलूम हाऊस झाले, आणि १९८२ च्या आगीत जळाले. रस्त्याला दादाभाईंचे नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून इथे पारशी मुंबई राहत होती, हे त्या इमारतींवरून कळते.

नाव बदलले कधी आणि का?

स्वातंत्र्यानंतर मुंबईत रस्त्यांच्या नावांची मोठी फेरमांडणी झाली, तिच्यात हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला. हा बदल एकट्या रस्त्याचा नव्हता, त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांचा होता. एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रोड झाला, कर्नाक रोडचा लोकमान्य टिळक मार्ग, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड, चर्चगेट स्ट्रीटचा वीर नरिमन रोड, क्रुकशँक रोडचा महापालिका मार्ग, अपोलो स्ट्रीटचा मुंबई समाचार मार्ग. एल्फिन्स्टन सर्कलला हॉर्निमन यांचे नाव मिळाले, आणि ते तर इंग्रज होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन स्वातंत्र्याच्या बाजूने लिहीत म्हणून सरकारने त्यांना १९१९ मध्ये देशाबाहेर काढले होते. नावे बदलणाऱ्यांना इंग्रज नकोच होता असे म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावे.

पण या रस्त्याला दादाभाईंचेच नाव का?

कोणत्याही रस्त्याला त्यांचे नाव शोभले असते, पण या रस्त्याला जास्त. व्यापारी कंपन्या, पेढ्या, विमा कंपन्या आणि विलायती मालाची दुकाने यांचा हा रस्ता. ब्रिटिश राजवटीचा आर्थिक हिशेब मांडणाऱ्या माणसाचे नाव त्याला मिळाले.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घर गरिबीचे, वडील लहानपणीच गेले, आईने वाढवले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि तिथेच गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या जागेवर तोवर युरोपीय माणसेच नेमली जात. १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या, त्या कामात तरुण दादाभाई पुढे होते. मुलींना घरोघर जाऊन बोलवावे लागायचे असा तो काळ. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीबरोबर व्यापारासाठी लंडनला गेले. तिथे राहून त्यांनी भारताच्या दारिद्र्याचे आकडे गोळा करायला सुरुवात केली. त्यांचा हिशेब असा: ब्रिटिश हिंदुस्थानातले दरडोई वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार खर्च करते त्याहूनही हे कमी. मग पैसा जातो कुठे? पगार, निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, नफा या वाटांनी दरवर्षी विलायतेला जातो आणि परत येत नाही. १९०१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात ही मांडणी एकत्र आली. शाळेच्या पुस्तकात आपण ‘आर्थिक निःसारणाचा सिद्धांत’ म्हणून एका गुणाला पाठ करतो ती हीच. त्यामागे सरकारी अहवालांतले आकडे पडताळत घालवलेली दशके आहेत. सरकारच्याच आकड्यांनी सरकारला उत्तर द्यायचे ही पद्धत पुढे न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्या कामातही दिसते.

१८८६ मध्ये हॉबर्नमधून ते ब्रिटिश संसदेची निवडणूक हरले. त्यावर पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी जाहीर भाषणात म्हणाले की काळ्या माणसाला निवडून देण्याची ब्रिटिश मतदारांची तयारी आहे असे वाटत नाही. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून दादाभाई अवघ्या पाच मतांनी निवडून आले. शपथ त्यांनी अवेस्ता या पारशी धर्मग्रंथावर घेतली. १८९३ मध्ये सनदी नोकरांची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी असा ठराव कॉमन्स सभागृहात मंजूर झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. सरकारने तो अमलात आणला नाही.

काँग्रेसचे ते तीनदा अध्यक्ष झाले: १८८६, १८९३ आणि १९०६. शेवटच्या वेळी त्यांचे वय एक्क्याऐंशी होते. जहाल गटाला लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते, मवाळांना ते चालणार नव्हते, आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एकच माणूस होता. लंडनहून कलकत्त्याला येऊन त्या वृद्धाने काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ ही मागणी मांडली. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

नावापुढे ‘डॉ.’ कशासाठी? ते वैद्य होते का?

नाही. १९१६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना कायद्याची मानद डॉक्टरेट दिली, ते हे ‘डॉ.’. वय नव्वदीच्या वर असताना मिळालेली ही पदवी रस्त्याच्या पाटीवर राहिली.

दादाभाईंचा या रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध होता का?

महापालिकेच्या निमित्ताने होता. १८७० आणि १८८० च्या दशकांत ते मुंबई नगरपालिकेचे सदस्य होते. आज महापालिकेचे मुख्यालय याच रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. ती इमारत १८९३ मध्ये पुरी झाली, तेव्हा दादाभाई लंडनच्या संसदेत बसत होते. इमारतीसमोर पुतळा आहे तो फिरोजशहा मेहतांचा, दादाभाईंचा नव्हे. ही गल्लत नेहमी होते.

मग दादाभाईंचा पुतळा कुठे आहे?

रस्त्याच्या दक्षिण टोकाला, फ्लोरा फाउंटनजवळ. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती, जी १९५४ मध्ये बसवली, तीही त्यांच्याच हातची. शिर्डीला जाऊन आलेल्या कितीतरी मुंबईकरांना ठाऊक नसते की त्याच शिल्पकाराचे काम ते रोज फाउंटनला ओलांडतात.

लोक ‘डी. एन. रोड’ का म्हणतात? त्यात काय बिघडले?

बोलायला सोपे म्हणून म्हणतात. पाट्यांवर, लेटरहेडवर, बसच्या फलकावर जागा कमी असते. पण बिघडते ते असे: हॉर्नबीचे नाव हटवायला स्वातंत्र्य मिळवावे लागले, आणि दादाभाईंचे नाव दोन इंग्रजी अक्षरांत गायब व्हायला काहीच लागले नाही. या रस्त्यावर वर्षानुवर्षे नोकरी करणाऱ्यांना विचारून पाहा. ‘डी. एन. म्हणजे?’ या प्रश्नावर अनेकजण थांबतात.

आणि हे एकट्या दादाभाईंचे झालेले नाही. याच रस्त्याला मिळणारा सर फिरोजशहा मेहता रोड ‘पी. एम. रोड’ झाला. वीर नरिमन रोड ‘व्ही. एन. रोड’. गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ, ज्यांनी मुंबईची पहिली रेल्वे, शाळा, ग्रंथालये यांसाठी आयुष्य वेचले, ते ‘जे. एस. एस. रोड’मध्ये बुडाले. सरदार वल्लभभाई पटेल ‘एस. व्ही. पी. रोड’. पुण्यात तर याहून पुढची गोष्ट: फर्ग्युसन रस्त्याला अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे आहे, पण सगळे म्हणतात ‘एफ. सी. रोड’.

नाव ठेवणे हा आदर असेल तर ते उच्चारणे हा त्याचा अर्धा भाग आहे असे मी मानतो. ‘दादाभाई नौरोजी रोड’ म्हणायला एक श्वास पुरतो. ‘दादाभाई रोड’ म्हटले तरी चालेल, त्यात निदान माणूस शिल्लक राहतो. बसच्या फलकावर जागा कमी असेल तर ‘नौरोजी रोड’ लिहावे.

पण टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितले तर तो नेईल का?

नेईल, पण आधी विचारेल, ‘व्हीटीजवळ की फाउंटनला?’ हा रस्ता मुंबईकर नावाने ओळखत नाहीत, ठिकाणांनी ओळखतात. जुनी मंडळी ‘बोरीबंदर’ म्हणतात. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला गेलेली पहिली गाडी तिथूनच सुटली होती. त्यानंतरची पिढी ‘व्हीटी’, पुढची ‘सीएसटी’ आणि आताची ‘सीएसएमटी’ म्हणते. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. एकाच घरात आजी, आई आणि नात एकाच स्टेशनाला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात आणि तिघीही बरोबर पोहोचतात.

रस्त्याच्या दोन्ही टोकांची नावेही बदलली, त्यांची गोष्ट काय?

उत्तर टोकाचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्या नावाचे. हाच क्रॉफर्ड पुढे महसूल अधिकारी असताना मामलेदारांकडून लाच घेतल्याच्या आरोपांत सापडला. १८८८ चे क्रॉफर्ड प्रकरण महाराष्ट्रभर गाजले, आणि साक्ष देणाऱ्या मामलेदारांच्या पाठीशी टिळक उभे राहिले. आता मंडई महात्मा फुले यांच्या नावाची आहे. फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि शेतकऱ्याच्या मालाला भाव का मिळत नाही हा त्यांचा ध्यास होता. भाजीपाल्याच्या मंडईला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

दक्षिण टोकाचे फ्लोरा फाउंटन १८६४ चे. खर्चाचा मोठा भाग कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिला होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर इथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधरा माणसे गेली. पुढच्या आंदोलनातल्या बळींसह हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला, आपण तो १०५, १०६ किंवा १०७ असा ऐकतो. चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले आणि मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक उभे राहिले. फ्लोराची मूर्ती आणि कारंजे जागच्या जागी राहिले. जुने न फोडता नव्याला मान देता येतो याचे इतके स्पष्ट उदाहरण शहरात दुसरे नाही.

आडव्या गल्ल्यांत जुनी नावे उरली आहेत का?

आहेत, आणि त्यांत मौज आहे. गनबाव स्ट्रीट ऐकून इंग्रजांची बंदूक आठवते, पण ते नाव गणबाशेठ या अठराव्या शतकातल्या व्यापाऱ्याचे. नाना शंकरशेठ यांच्याच घराण्यातले हे गृहस्थ. इंग्रजी तोंडात गणबाचे ‘गनबाव’ झाले. पुढे या गल्लीला रुस्तम सिधवा यांचे नाव मिळाले. म्हणजे तिथे नाव बदलताना आपण नकळत एका मराठी माणसाचेच नाव पुसले. व्हीटीसमोरून आत जाणारा मर्झबान रोड मात्र टिकला. तो मुंचेरजी मर्झबान या महापालिकेच्या अभियंत्याच्या नावाचा.

नाव बदलण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी जुने नाव कुणाचे होते हे एकदा तपासावे, एवढाच आग्रह या गल्लीवरून धरावासा वाटतो.

हॉर्नबीचे नाव काढणे म्हणजे इतिहास पुसणे नव्हे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: नव्हे. रस्त्याला नाव देणे हा सन्मान असतो, नोंद ठेवणे वेगळे. हॉर्नबीची नोंद कंपनीच्या कागदपत्रांत, पेशवे दफ्तरात, वडगावच्या मैदानात आणि हाजीअलीच्या बांधात पक्की आहे. साष्टी घेणाऱ्या गव्हर्नरचा सन्मान स्वतंत्र मुंबईने करत राहावा असे मला वाटत नाही.

पण जुने नाव माहीतच नसणे हे नुकसान आहे. १९३० सालचे एखादे पत्र, जाहिरात किंवा कोर्टाचा कागद हाती आला आणि त्यावर ‘हॉर्नबी रोड’ दिसले, तर ते दुकान कुठे होते हे आज कळायला हवे. पाटीवर नव्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे नाव’ आणि माणसाची एका ओळीची ओळख असावी. पत्र्याच्या एका ओळीचा खर्च तो कितीसा.

मुंबईत अजून नावे बदलतात का?

हो. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोड, सँडहर्स्ट रोड, चर्नी रोड अशा काही स्टेशनांची नावे बदलण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. २०२५ मध्ये कर्नाक पूल नव्याने बांधला गेला तेव्हा त्याला सिंदूर पूल हे नाव दिले. रस्त्याचे नाव ठरवण्याचा अधिकार मात्र महापालिकेचा. नगरसेवक किंवा नागरिकांकडून मागणी येते, ती समित्यांपुढे जाते आणि महापालिकेच्या मंजुरीनंतर पाटी लागते.

दादाभाईंच्या नावाच्या जागा आणखी कुठे आहेत?

लंडनच्या फिन्सबरी भागात नौरोजी स्ट्रीट आहे. दक्षिण लंडनमध्ये ते राहत असलेल्या घरावर २०२२ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली. कराचीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, दिल्लीत नौरोजी नगर आहे. आणि मुंबईत अंधेरी पश्चिमेला दादाभाई नौरोजी नगर आहे. मेट्रोने रोज तिथे उतरणाऱ्या हजारो लोकांना ते ‘डी. एन. नगर’ म्हणून माहीत आहे. उद्घोषणेत एकदा तरी पूर्ण नाव ऐकू यावे असे मनापासून वाटते.

नौरोजी की नवरोजी?

दोन्ही आढळतात. मराठी पुस्तकांत ‘नौरोजी’ रूढ आहे, तेच वापरावे.

शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांना हा रस्ता दाखवायचा आहे. कसा दाखवावा?

रविवारी सकाळी जा, कमानींखाली गर्दी कमी असते. सुरुवात महात्मा फुले मंडईपासून करा. मंडईच्या प्रवेशावरची शिल्पपट्टी लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली घडली, ते शेजारच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. तिथून व्हीटीपर्यंत पूर्वेच्या पदपथाने चाला, मग महापालिकेपाशी पश्चिमेला या. महापालिकेच्या इमारतीचा आणि समोरच्या स्टेशनचा वास्तुरचनाकार एकच, फ्रेडरिक स्टीव्हन्स, हे मुलांना सांगा आणि दोन्ही घुमटांत काय सारखे आहे ते त्यांनाच शोधू द्या. पुढे पेटिट ग्रंथालय आणि अग्यारी बाहेरून पाहा, अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. रस्त्यावरच्या पाट्या मोजायला लावा: किती ठिकाणी पूर्ण नाव आहे आणि किती ठिकाणी नुसती अक्षरे. ती यादी वर्गात मांडली की त्यातूनच महापालिकेच्या ‘ए’ विभाग कार्यालयाला पाठवण्याचे पत्र तयार होईल. हे कार्यालय फोर्टमध्येच आहे.